चार नंबरची फ्लॉपी

"दसऱ्याच्या आत खालचा आणि वरचा कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला लागतील," असं चिंतामणराव भर सभेत बोलून गेले आणि खाली बसले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण काय कबूल केलंय ते आपल्यालाच नीटसं कळलेलं नाही.

चिंतामणराव म्हणजे अत्यंत भिडस्त गृहस्थ. वाईच्या ज्या वाचनालयात ते एकवीस वर्षं पुस्तकांची नोंद ठेवत होते, तिथं त्यांचा चढा आवाज कुणी ऐकला असेल तर तो फक्त शिंकताना. वय चौपन्न. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. घरी सोबतीला एक मांजर, तेही शेजाऱ्यांचं. असा माणूस सभेत उभा राहतो म्हटल्यावर कारणही तसंच असणार, आणि ते होतं अनसूयाबाईंचे गुडघे.

वाचनालयात पुस्तकं वरच्या मजल्यावर आणि वाचक खाली. चिंतामणराव वर, पुस्तकांपाशी. अनसूयाबाई खाली, देवघेवीच्या टेबलाशी. कुणी येऊन एखादं पुस्तक मागितलं की बाई उठायच्या, कठडा धरून बावीस पायऱ्या चढायच्या आणि चिंतामणरावांना विचारायच्या. ते आपल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरमध्ये बघून "बाहेर गेलंय" असं सांगायचे, की बाई पुन्हा बावीस पायऱ्या उतरायच्या. दिवसातून दहा-बारा वेळा. आईवडिलांचं करता करता बाईंचं लग्न राहून गेलं होतं. आता आईवडीलही नव्हते. होतं ते हे वाचनालय आणि या पायऱ्या.

अध्यक्ष मानसिंगराव पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मनानं चांगले, पण बोलणं सगळं परेड मैदानावरचं. त्या सभेत त्यांनी सरळ सांगून टाकलं, "बाई मानूस म्हणून लाख हायत, पण गुडघं गेलं त्यांचं. दिवाळीनंतर त्यांना आराम द्यायचा. तरणी पोरगी घिऊ, टणाटणा जिना चढंल."

 बाई समोरच्या रजिस्टरची कड बोटानं सारखी करत राहिल्या. ते बोट चिंतामणरावांनी पाहिलं आणि ते उठून उभे राहिले. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

"दसऱ्याला मी सोता येऊन बघनार," मानसिंगराव म्हणाले. "चाललं तर बाई ऱ्हातील. न्हाई चाललं तर तुमी मधे बोलायचं न्हाई."

घरी जाऊन चिंतामणरावांनी पुण्याच्या पुतण्याला, पुष्करला, चार पानी पत्र लिहिलं. पुष्कर कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. खालच्या टेबलावरचा कॉम्प्युटरही त्याच्याच कंपनीनं टाकून दिलेला, आणि वरचा तर असा, की चालू केल्यावर आधी दोन मिनिटं नुसता घरघरायचा. आठवडाभरात एस. टी.नं खोकं आलं. त्यात काळ्या वायरचं एक भेंडोळं, कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची दोन कार्डं, सहा फ्लॉप्या आणि एक चिठ्ठी. "काका, अगदी सोपं आहे. सहाही फ्लॉप्या क्रमानं घालायच्या. मात्र सुरू केल्यावर मध्येच बंद करू नका, आधीची माहितीसुद्धा पुसली जाईल." शेवटच्या वाक्याखाली तांबड्या शाईच्या दोन रेघा.

सोपं म्हणणाऱ्या माणसाला समोर बसवून ते काम करून घेतलं पाहिजे, असं चिंतामणरावांचं पुढच्या बारा दिवसांत मत झालं. वरच्या कॉम्प्युटरनं आधी 'मेमरी अपुरी आहे' म्हणून कळवलं. ती रिकामी करण्यात चार दिवस गेले. मग कार्डाला एक नंबर द्यायचा होता, आणि तो आधीच दुसऱ्या कुणाला दिलेला नसावा अशी अट होती. चिंतामणरावांनी पाच दिला. तो प्रिंटरचा निघाला. त्यानंतर वाटेल तेव्हा प्रिंटर आपण होऊन सुरू व्हायचा आणि तीन-तीन फूट कोरा कागद ओकायचा. साफसफाई करणाऱ्या रंगुबाईंनी तो गोळा करून मुलीला उजळणीच्या वह्या शिवल्या. "लय गुणाचं मशिन हाय," असं त्यांचं मत पडलं.

एका ठिकाणी प्रोग्रॅमनं विचारलं, या कॉम्प्युटरचं नाव काय? चिंतामणरावांनी जरा विचार केला. इथं बसतं कोण, आपण. म्हणून त्यांनी CHINTAMAN असं भरलं. नोंदीच्या बाबतीत ते पहिल्यापासून चोख.

वरचं संपलं तेव्हा खंडेनवमीची सकाळ उजाडली होती. हातात एक दिवस. वायर जिन्याच्या कठड्यावरून खाली आणून झाली होती. सुटीमुळे वाचक नव्हते. चिंतामणराव खालच्या टेबलाशी बसले, बाई शेजारी स्टुलावर. इथंही नाव विचारलं गेलं. इथं बसतं कोण? त्यांनी ANASUYA भरलं. बाई तेव्हा चष्मा पुसत होत्या.

पहिली फ्लॉपी गेली. दुसरी गेली. तिसरी चालू असताना बाईंनी घरून आणलेला चहा ओतला, आणि दोघं तो प्यायला बाहेरच्या ओट्यावर गेली. दहा मिनिटांत परत आली तर पडद्यावर ओळ होती: चार नंबरची फ्लॉपी घाला.

चार नंबरची फ्लॉपी जागेवर नव्हती.

चिंतामणरावांनी टेबल बघितलं, टेबलाखाली बघितलं, स्वतःचे खिसे तीन वेळा बघितले. बाईंनी रजिस्टरं झटकली. पाच होती, सहा होती. चार नव्हती. चिंतामणरावांच्या कपाळावर घाम आला. कारण याच कॉम्प्युटरमध्ये साडेआठशे सभासदांची यादी होती, आणि ती बाईंनी एकेका बोटानं दोन महिने बसून भरलेली होती.

"रंगुबाई," बाईंनी हाक मारली, "इथली काळी चौकोनी वस्तू पाहिलीत?"

"व्हय की," रंगुबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "पूजंत हाय."

दोघांनी वळून पाहिलं. कोपऱ्यात पाटावर तांबडं कापड, त्यावर वाचनालयाची यच्चयावत हत्यारं: कात्री, पुस्तकं शिवायचा दाभण, रबरी शिक्का, स्टेपलर, डिंकाची बाटली, हातोडी. आणि सगळ्यांच्या मध्ये, झेंडूचं फूल माथ्यावर घेऊन, चार नंबरची फ्लॉपी. तिला हळद वाहिली होती, कुंकू वाहिलं होतं, वर अक्षता पडल्या होत्या.

"अहो, ती कशाला घेतलीत?"

"आता पंधरा दिस तुमी त्याच्यावरच राबताय. मग त्ये हत्यार न्हवं? सगळी न्हाई घेतली, देवाला येक बास हुतं."

चिंतामणराव लगबगीनं पाटाकडे निघाले. रंगुबाई पदर खोचून मध्ये उभ्या राहिल्या. त्या वडूजकडच्या, आणि त्यांच्याकडे खंडेनवमीला पुजलेल्या नांगराला दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून पूजा हलवल्याशिवाय घरातला कर्ता माणूससुद्धा हात लावत नाही.

"आवं, पुजल्यालं हत्यार आज उचलत्यात व्हय? वरीसभर काम वाकडं हुतंया."

"रंगुबाई, उद्या अध्यक्ष येणार आहेत."

"यीऊ द्या. त्यास्नी मी सांगते. सुभेदाराच्या घरात काय बंदुका पुजत न्हाईत?"

चिंतामणरावांनी मोठ्या आशेनं अनसूयाबाईंकडे पाहिलं. बाईंनी पूजेकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाल्या, "राहू द्या ना. सकाळी लवकर येऊ. माझ्यासाठीच चाललंय हे सगळं, ते वाकडं नको व्हायला."

माझ्यासाठीच. चिंतामणराव चार नंबर काही काळ विसरूनच गेले.

आता कॉम्प्युटर बंद करायचा नव्हता, तेव्हा तो रात्रभर तसाच 'चार नंबर घाला' म्हणत बसणार होता. वीज गेली की सगळं संपलं. चिंतामणरावांनी मुख्य बटणावर वर्तमानपत्राचा कागद चिकटवून 'हात लावू नये' असं लिहिलं. तेवढ्यात पाहतात तर रंगुबाईंनी झेंडूचा भला जाड हार कॉम्प्युटरलाही घातलेला, नेमका गरम हवा बाहेर पडायच्या जाळीवर. पेटी तव्यासारखी तापली होती. हार काढायचा म्हणजे पुन्हा पूजाच मोडायची. शेवटी बाईंनी कपाटामागून वाळ्याचा पंखा काढला.

त्या दुपारी वाईच्या वाचनालयात एक चौपन्न वर्षांचे गृहस्थ आणि एक पन्नाशीच्या बाई आळीपाळीनं एका कॉम्प्युटरला वारा घालत होत्या. वारा घालताना माणूस गप्प तरी किती बसणार? बाईंनी सांगितलं, की लहानपणी त्यांना पोहायला यायचं आणि कृष्णेच्या पैलतीराला हात लावून त्या परत येत. चिंतामणरावांनी सांगितलं, की त्यांना भाकरी येते पण पोळी अजून गोल होत नाही. एकवीस वर्षांत दोघं मिळून एवढी वाक्यं बोलली नव्हती. जी बोलली होती त्यातली निम्मी 'बाहेर गेलंय' हीच होती.

ऊन उतरल्यावर पेटी निवली, आणि रात्री वीजही गेली नाही. रंगुबाईंच्या मते ती पूजेमुळे गेली नाही.

दसऱ्याला सकाळी सातला रंगुबाईंनी पाटावर अक्षता टाकल्या आणि फ्लॉपी चिंतामणरावांच्या हाती दिली. तिच्या पत्र्याच्या झाकणात कुंकू गेलं होतं. बाईंनी वातीचा कापूस सुईला गुंडाळून ते इतक्या अलगद टिपलं, की बघताना चिंतामणरावांनी श्वास रोखून धरला. फ्लॉपी आत गेली. आतून कुणीतरी सुपारी फोडतंय असा आवाज आला. एकदा, दोनदा, चारदा. मग पडद्यावर ओळ उमटली: पाच नंबरची फ्लॉपी घाला. बाईंनी डोळ्यांना पदर लावला. लिहायला संकोच कशाला, चिंतामणरावांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

दहाच्या ठोक्याला मानसिंगराव समितीच्या दोघांना घेऊन हजर. "चला, रिपोर्ट द्या," म्हणून ते थेट खालच्या टेबलाशी, बाईंच्या मागं उभे राहिले. चिंतामणराव वर धावले आणि आपल्या कॉम्प्युटरसमोर बसून खालचा कानोसा घेऊ लागले. कानोसा घ्यायची गरज नव्हती. मानसिंगरावांचं वाचन घाटापर्यंत ऐकू जायचं.

"काय आलंय बघू. चिंतामण... इज नाऊ... कनेक्टेड टू... अनसूया."

वर चिंतामणराव खुर्चीतून उठून उभे राहिले.

"म्हंजे," मानसिंगराव समितीला समजावू लागले, "चिंतामण हा आता अनसूयेला जोडला गेला हाय. फुडं... डू यू विश टू कंटिन्यू? वाय, एन. फुडं चालू ठेवायचं का? हो का न्हाई? बाई, तुमाला इचारतंय ते."

 खाली समितीतलं कुणीतरी खाकरलं. जिन्याशेजारच्या खिडकीतून उडी मारली तर खाली नेमकं काय लागेल, याचा चिंतामणराव अंदाज घेऊ लागले. आपण बाईंची नोकरी वाचवायला निघालो आणि चार माणसांत त्यांची शोभा करून बसलो, या विचारानं त्यांना तोंड लपवावंसं वाटलं.

मग एक कळ दाबल्याचा आवाज आला. ठक. आणि चिंतामणरावांच्या पडद्यावर अक्षरं उमटली. बाईंनी वाय दाबलं होतं.

त्यामागोमाग पहिला प्रश्नही आला: 'घोड्यांचे आजार हे पुस्तक आहे का?' हा अर्थात सुभेदारांचा. चिंतामणरावांनी कळवलं: 'आहे. पाठवतो.' खाली मानसिंगरावांनी टेबलावर थाप मारली. "पास. बाई ऱ्हानार. कागद करा."

सोमवारी वाचनालय नेहमीप्रमाणं उघडलं. लोक आले, प्रश्न आले, उत्तरं गेली, पुस्तकं रंगुबाई खाली आणून देत होत्या. बाईंना एकही पायरी चढावी लागली नाही. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. वर चिंतामणराव कान देऊन बसले होते. कठड्यावर हात सरकल्याचा आवाज नाही, पाचव्या पायरीवरची धाप नाही, दारातलं "जरा बघता का" नाही. एवढी खटपट करून आपण नक्की काय बंद पाडलं, हे त्यांना आत्ता कळलं. पावणेबाराला ते खाली आले.

"उत्तर नीट दिसतंय ना, ते बघायला आलो."

"दिसतंय की."

सव्वाबाराला ते वायर तपासायला आले. एकला कार्ड गरम होतंय का ते बघायला. तीनला आले तेव्हा त्यांना कारण सुचेना, म्हणून नुसतेच टेबलाशी उभे राहिले. बाईंनी चष्मा काढून ठेवला.

"चिंतामणराव, एक विचारू? तुमचं टेबल आणि तो कॉम्प्युटर खालीच आणून ठेवला असता तर? ना मला चढावं लागलं असतं, ना तुम्हाला वायर ओढावी लागली असती."

चिंतामणरावांनी रजिस्टरची कड बोटानं सारखी केली.

"सुचलं होतं," ते म्हणाले. "मागच्या वर्षीच सुचलं होतं. पण तुमच्या शेजारी टेबल टाकू का, हे विचारायचं कसं ते कळेना."

 बाई हसल्या, आणि आपलं टेबल दोन्ही हातांनी भिंतीकडे सरकवून त्यांनी शेजारी जागा केली.

"रंगुबाई," त्यांनी हाक मारली, "वरचं टेबल खाली घ्यायचंय. माणसं बोलवा."

रंगुबाई केरसुणी हातात घेऊन दारात आल्या. त्यांनी कठड्यावरची वायर वरपासून खालपर्यंत पाहिली, शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग चिंतामणरावांकडे.

"आवं, एवढंच हुतं," त्या म्हणाल्या, "तर त्या मशिनाला कशाला बोलाय लावलं? तुमीच बोलायचं की."