सासऱ्यांच्या गाडीचं नवं छत

मी एखादं काम हातात घेतलं की तडीस नेतोच. तडीस गेल्यावर ते ओळखू येत नाही, ही गोष्ट वेगळी.

सासऱ्यांनी वय झालं म्हणून गाडी चालवणं सोडलं आणि आपली लाडकी जुनी ग्रँड टूरर मला दिली. दोन दारं, लांबलचक नाक, मागे उतरत गेलेलं छत. पुढे दोघांनी राजेशाही बसायचं आणि मागच्या सीटवर फार तर एक छत्री ठेवायची. मी तर पहिल्याच फेरीत तिच्या प्रेमात पडलो. बायको मात्र आठवड्यातच म्हणाली, "यात कुत्रा मावत नाही. महिन्याभरात मावला नाही, तर गाडी विकायची."

"शूटिंग ब्रेक करतो हिची," मी जाहीर केलं.

"म्हणजे काय?"

"छत सरळ मागच्या टोकापर्यंत न्यायचं आणि मागे वर उघडणारं दार लावायचं. पूर्वी शिकारीला जाणारी बडी मंडळी अशा गाड्या करून घ्यायची. बंदुका, कुत्रे, सगळं आत."

"आपला कुत्रा मांजराला घाबरतो. आणि बाबांना विचारलंस का?"

"झाल्यावर दाखवू. खूश होतील."

पत्र्याचं काम करणाऱ्या मिस्त्रींनी एकच अट घातली. "साचा तुम्ही आणायचा. साच्यात असेल तसं छत होईल. मग माझ्याकडे बघायचं नाही."

त्यांनी जुनं छत कापलं आणि मी साच्याला लागलो. कुत्र्याला मागे बसवलं, बाजूने मोठा पुठ्ठा धरला. पण बेटा एका जागी बसेल तर शपथ. शेवटी बायको पुढच्या सीटवर उभी राहिली आणि तिने हात उंच करून बिस्कीट धरलं. कुत्रा एकदम पुतळा झाला, मान ताठ, नाक आभाळात. मी त्याच्या डोक्यावर चार बोटं सोडून झोकात रेघ मारली.

आठ दिवसांनी गाडी बघायला गेलो. छत पुढून छान सरळ येत होतं, मध्येच उंटासारखं वर चढत होतं आणि पुन्हा खाली उतरत होतं.

"मिस्त्री, हे काय?"

त्यांनी माझा पुठ्ठा छताला लावून दाखवला. केसाचाही फरक नव्हता. "मला वाटलं, तुमचं सामानच तसं असेल."

"असं कुठलं सामान असतं?"

"गिऱ्हाइकाच्या सामानात मी नाक खुपसत नाही."

तेवढ्यात बायकोचा फोन. आई, बाबा आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्याबाई, घरी आले होते. सगळ्यांना गाडी बघायची होती. माणसाने विश्वासाने दिलेली गाडी, आणि मी तिला कुबड काढून नेत होतो.

सासऱ्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. कुबडावरून हात फिरवला. मग एवढंच विचारलं, "मागे किती माणसं बसतात?"

"ऐसपैस दोघं, बाबा," मी जरा छाती काढून म्हणालो.

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी मला फाटकाशी नेलं आणि हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, कुबडाचं काही नाही हो. पण मी तीस वर्षं ही गाडी का सांभाळली? मागे जागा नाही म्हणून. एका नातेवाइकाला कुठे न्यावं लागलं नाही. तुम्ही सुखात राहावं म्हणून तुम्हाला दिली, आणि तुम्ही..."

आम्ही वळून पाहिलं. मागचं दार उघडून आत्याबाई आत बसल्या होत्या. त्यांचा उंच अंबाडा कुबडात चपखल बसला होता.

"जावयाने अगदी माझं माप घेऊन केलंय बाई," त्या म्हणाल्या. "रविवारी कुठे जायचं? आणि त्या कुत्र्याला घरी ठेवा, मला त्याचे केस चालत नाहीत."

आता दर रविवारी आम्ही तिघं फिरायला जातो. कुत्र्याला सोबत म्हणून सासरे आमच्या घरी थांबतात. निघताना मी आरशात बघतो, तेव्हा दोघंही फाटकात उभे असतात आणि फार समाधानी दिसतात.