फ्रान्सातली चौथी

आमच्या शेजारच्या डोमाजीकाकांपुढे आपली इयत्ता सांगायची सोय नव्हती. पोरानं ‘अकरावी’ म्हटलं, की काका त्याला उभ्याउभ्या इंग्लंडात नेत. “तिथं तू पाचव्या फॉर्मात असता गा!” नववीत नापास झालेल्या बंड्याला त्यांनी भर रस्त्यात अमेरिकेतल्या हायस्कूलचा ‘फ्रेशमन’ करून टाकलं. बापानं त्याला बदडलं ते मात्र नागपुरातच.

काका शहराबाहेरच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून. सीताबर्डीच्या फुटपाथवर त्यांना देशोदेशींच्या शाळांचं एक जुनं पुस्तक सापडलं आणि गल्लीची शांतता संपली. सगळ्यात लाडका देश फ्रान्स. “तिथं वर्ग उलटे मोजतात! पोरगं सहावीतून पाचवीत जाते, पाचवीतून चौथीत. म्हंजे त्यायची चौथी ते आपली आठवी!”

मला संताप यायचा. सरकार अकरावीची मॅट्रिक मोडून दहावीवर आणत होतं. शाळांत ना मास्तर, ना बाकं. आम्ही आंदोलनवाले मागण्यांची पत्रकं वाटून घसे फोडत होतो, आणि हा गृहस्थ म्हणे, “काहून चिडून राहिला गा? आपलं सरकारबी फ्रान्सासारखं उलटं मोजून राहिलं!”

त्यांच्या पत्नी सुभद्राकाकू चौथीतून थेट लग्नाच्या मांडवात गेलेल्या. हळदीकुंकवात ‘किती शिकलात?’ निघालं की त्या ताटल्या उचलायला उठत. बाहेर ओसरीवर काका तेवढ्यापुरतं ते पुस्तक मिटून ठेवत.

मग आमची पालकसभा झाली; पोरगं शाळेत असल्यानं काका-काकूही आले. आंदोलनाच्या समितीवर आया घ्यायच्या ठरल्या. रामदासपेठेच्या बंगल्यातल्या एका बाईंनी फर्मान काढलं, उभं राहून नाव आणि शिक्षण सांगा. समितीत बसायला शिक्षण कशाला विचारायचं? मी तोंड उघडेपर्यंत सुरू झालंसुद्धा. “बी.ए.” “मॅट्रिक.” “मॅट्रिक.”

काकूंची पाळी आली. उचलायला ताटली नव्हती. त्यांनी मागच्या रांगेत काकांकडे पाहिलं, पदर सारखा केला.

“सुभद्रा. चौथी.” मग हनुवटी वर करून, “फ्रान्सातली.”

सभा खदखदून हसली. काकूही हसल्या. बाई म्हणाल्या, “म्हणजे?” तर काकूंनी त्यांना सहावीतून पाचवीत आणि पाचवीतून चौथीत असं बोट धरून नेलं, कुठं अडखळल्या नाहीत. नाव बिनविरोध लागलं.

सभा संपल्यावर काकांनी मला खांबाआड ओढलं. डोळे पुसलेले दिसत होते.

“तुमच्या त्या मागण्यांत बायांची रातची शाळा हाये का गा?”

“नाही. काहून?”

“चौथीच्या पुढं तिथं तिसरी असते.” ते चष्मा पुसत राहिले. “एवढे देश धुंडाळले. तिची चौथी मोठी करता आली, पण तिले पुढच्या वर्गात नाई बसवता आलं मले.”

मी उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा सोडला, पेन काढलं आणि एकेका पत्रकाच्या तळाशी ती मागणी हातानं लिहायला बसलो.

“लिही,” काका हळूच म्हणाले, “पण मी म्हटलं म्हून तिले सांगू नको. ती म्हणन, माही चौथी कमी पडली का?”