फाटककाका बोर्ड निवडतात

फाटककाका आमच्या सोसायटीतल्या माणसांना नावाने ओळखत नाहीत, सॉकेटवरून ओळखतात. सॉकेट म्हणजे कॉम्प्युटरच्या मदरबोर्डावरची ती चौकोनी जागा, जिथे प्रोसेसर बसतो. तळमजल्यावरचे वकील म्हणजे ‘तो जुन्या सॉकेटवाला, त्याला आता पुढचा प्रोसेसर मिळायचा नाही बिचाऱ्याला’. हे ते अशा सुरात सांगतात की वकिलांच्या रिपोर्टमध्ये काहीतरी निघालंय असं वाटावं.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. त्यांच्या लेखी माझी ओळख ‘निष्काळजी’ अशी आहे, कारण लेकीला कॉलेजसाठी मी तयार कॉम्प्युटर आणला आणि तोही त्यांना न विचारता. दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात हजर. “फक्त बघतो,” म्हणाले. बाजूचा पत्रा काढला, भिंगातून आत पाहिलं आणि एक सुस्कारा सोडला.

“वाव नाही गं ठेवलेला यात.”

वाव ठेवणे हा काकांचा धर्म आहे. सगळी नोकरी कळव्याला, विजेचं सामान बनवणाऱ्या एका कारखान्याच्या टेस्टिंग खात्यात झाली. “प्रोसेसर काय, आज हा, उद्या दुसरा,” ते सांगतात. “बोर्ड मात्र असा घ्यावा की त्यावर दोन पिढ्या नांदल्या पाहिजेत.” स्वतःच्या चपलासुद्धा ते एक नंबर मोठ्या घेतात. सत्तरीत पाय कुठे वाढणार आहे, हे त्यांना विचारायची कोणाची छाती नाही.

त्यांचा दुसरा नाद ओव्हरक्लॉकिंगचा. म्हणजे प्रोसेसरला कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं. त्यासाठी बोर्डाचा वीज पोचवणारा भाग दणकट लागतो. “ज्याला पळवायचंय त्याला आधी पोटभर खाऊ घाला,” हे त्यांचं तत्त्व. घरचं मशीन ते असंच पळवतात आणि त्याचं तापमान वहीत लिहून ठेवतात. मे महिन्यात मात्र वेग उतरवतात. कारण विचारलं तर म्हणाले, “मे महिन्यात मी माणसांकडूनसुद्धा जास्तीची अपेक्षा ठेवत नाही.”

स्वतःसाठी नवा बोर्ड ते दोन वर्षं निवडत होते. दर रविवारी ठाण्याला, टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीतल्या भावेशच्या दुकानात जायचे. भावेशने त्यांच्यासाठी वेगळं स्टूलच ठेवलंय. खोकं उघडायचं, भिंग लावायचं, प्रोसेसरभोवतीचे वीज पुरवणारे चौकोनी ठोकळे ओठ हलवत मोजायचे, उष्णता काढणारी पट्टी अंगठ्याने दाबून बघायची. तीन तासांनी उठायचे आणि म्हणायचे, “बघू, पुढच्या रविवारी.”

याला कारण होतं. मागचा बोर्ड घेताना त्यांनी सोसायटीभर सांगितलं होतं की यावर पुढच्या दोन पिढ्यांचे प्रोसेसर बसणार. कंपनीने पुढच्याच पिढीला सॉकेट बदललं. काका चार दिवस खाली फिरायला उतरले नाहीत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. काका तर ताकाकडे भिंगातून बघायला लागले.

यंदा गणपतीनंतर काकांनी बायकोचे, म्हणजे सुधाकाकूंचे, कान तपासून आणले. काकूंनी याच घरात तीस वर्षं गाण्याचे क्लास घेतले. आता एक कान गेलाय, दुसराही हळूहळू जाणार. किती दिवसांत, ते डॉक्टरांना सांगता येईना. घरात कॅसेट्सची एक ट्रंक होती. काकूंना गाणं शिकवणाऱ्या बाईंची तालीम, काकूंचा स्वतःचा रियाज. पण टेपची खरखर इतकी की कानात ऐकायचं मशीन घातलं तर काकूंना तेवढीच ऐकू यायची.

खरखरीतून आवाज वेगळा काढणारं सॉफ्टवेअर काका शिकले. त्यांचं जुनं मशीन एका कॅसेटला दोन दोन दिवस घ्यायचं. वेग वाढवला की तापून मध्येच बंद पडायचं, की पुन्हा पहिल्यापासून. एकदा जिन्यात वही घेऊन उभे होते.

“चौऱ्याऐंशी कॅसेट आहेत,” म्हणाले. “या चालीने सहा महिने जातील. आणि तेवढे महिने तिचा कान...”

वही मिटली आणि ते जिना चढायला लागले.

त्या रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेलेले. तीन तास धरून पोळीभाजीचा डबा नेला होता.

“काका, हा नवीन सॉकेटवाला बघा ना,” भावेश म्हणाला. “पुढचे दोन-तीन प्रोसेसर आरामात बसतील. फक्त स्टॉक पंधरा दिवसांनी येणार.”

“आज काय आहे?”

“आज हा आहे. मस्त पळतो, पण याचं पुढे काय नाय. जो बसवाल तो शेवटचा. असा बोर्ड कोणाला विकू नको, तुम्हीच तर बोललेले मला.”

“दे.”

भिंग खिशातून निघालंच नाही. दहा मिनिटांत बोर्ड आणि त्यावरचा प्रोसेसर घेऊन आम्ही बाहेर. भावेश माझ्याकडे बघत राहिला.

परतताना काका खोकं मांडीवर घेऊन बसले होते. माझी जीभ कसली गप्प बसतेय. “काका, आणि वाव?”

“तिच्या कानाला नाही गं राहिलेला,” ते म्हणाले. “बोर्डाला ठेवून काय करू?”

मी डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. इतकी वर्षं या माणसाची मी फक्त थट्टाच केली, याची मला लाज वाटली.

आठवड्याने त्यांनी मला बोलावलं. काकू आरामखुर्चीत, कानांवर भले मोठे हेडफोन. चालू होता तो त्यांचाच सव्विशीतला आवाज. मान डोलत होती, बोटं मांडीवर ताल धरत होती. काका माझ्याशी हळूच बोलले, “हिचं गाणं मी कधी बसून ऐकलंच नाही गं. मी शिफ्टला. घरी यायचो तेव्हा ही पेटी मिटून कुकर लावायची.”

मग वाकून काकूंना म्हणाले, “छान गातेस.”

काकू हलल्या नाहीत. काकांनी त्यांच्या चांगल्या कानावरचा हेडफोन सरकवला आणि पुन्हा म्हणाले.

“काय?”

तिसऱ्यांदा काकांनी कारखान्यात मशीनं चालू असताना लावत असतील तो आवाज लावला. खिडकी उघडी होती. खाली कपडे वाळत घालणाऱ्या वकीलबाई वर बघायला लागल्या. काका कानापर्यंत लाल झाले.

काकूंनी डोळेही उघडले नाहीत. “हळू. मघाशीच ऐकू आलं होतं मला.”

“मग ‘काय’ कशाला म्हणालीस?”

“चाळीस वर्षांनी बोलताय,” काकू म्हणाल्या. “म्हटलं, ऐकू येतंय तोवर दोनदा ऐकून घ्यावं.”