त्रिशाची चिठ्ठी उजवीकडे नेऊ नये

सोमवारी सकाळी नऊ वाजून बेचाळीस मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरच्या फळ्याने माणसांच्या हातातली कामं मोजायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून त्या इमारतीत कुणालाच पहिलं काम संपल्याशिवाय दुसरं उचलता येईना.

वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण पॅन्ट्रीतली मोनाली ढगे तेव्हा किटली उचलत होती आणि घड्याळ तिच्या समोरच होतं. पावणेदहाला चहा टेबलांवर लागतो. तीन मिनिटं हातात होती. किटली उचलेना.

ही कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. आपला नंबर कधी लागणार ते पेशंटला मोबाईलवर दिसावं, असं काहीतरी. गेलं दीड वर्ष ते बनतच होतं. प्रत्येकाने दहा-दहा कामं उघडून ठेवलेली आणि संपलेलं एकही नाही. म्हणून वरच्या वैजयंती मॅडमनी बेळे सरांना बोलावलं. कंपन्यांना लीन आणि अजाइल शिकवणं हाच बेळे सरांचा व्यवसाय. लीन म्हणजे वायफळ असेल ते काढून टाकायचं आणि अजाइल म्हणजे थोडं थोडं करून गिऱ्हाइकाला दाखवत जायचं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितलं. मोनाली तेव्हा कप गोळा करत होती. तिला त्यात नवीन काही वाटलं नाही. घरात दुसरं काय करतात?

सोमवारी सरांनी पांढरा फळा लावला. त्यावर तीन रकाने: करायचं, चालू, झालं. प्रत्येक कामाची एक पिवळी चिठ्ठी, आणि ती डावीकडून उजवीकडे सरकवायची. मग वरती जाड मार्करने नियम लिहिला: एका माणसाच्या हातात एका वेळी एकच काम. सरांना प्रोग्रामर म्हणायचं होतं. पण त्यांनी माणूस लिहिलं, आणि फळ्याने ते तसंच धरलं.

दहा वाजेपर्यंत सगळ्यांना कळलं. निनाद नावाचा मुलगा एक चूक दुरुस्त करता करता दुसऱ्या लॅपटॉपकडे वळला, तर त्याचा हात टेबलाच्या मध्येच थांबला. वैजयंती मॅडम मेल लिहिता लिहिता फोन घ्यायला गेल्या, फोन टेबलाला चिकटल्यासारखा हलेना. त्यांनी मेल पुरी केली, मग फोन उचलला गेला. तोवर तो वाजायचा थांबला होता.

"बारा कंपन्या केल्या मी," बेळे सर म्हणाले. "ऐकणारा फळा पहिल्यांदाच मिळाला."

इकडे पॅन्ट्रीत खंडागळे काका आले. ते साफसफाई आणि चहापाण्याचे सुपरवायझर.

"चहा कुठाय गं?"

"काका, किटली उचलेना."

"भरलीस किती?"

"रिकामी आहे."

काकांनी एका बोटावर किटली उचलली आणि परत ठेवली. "सकाळी खाल्लंस का काही?"

"दोन चपात्या खाल्ल्या की."

"मग तुझं काहीतरी अर्धं राहिलं असेल. वर सगळ्यांचं तेच चाललंय."

मोनालीने आठवून बघितलं. ओटा पुसला होता. कप धुऊन पालथे घातले होते. दूध तापवून झाकलं होतं. अर्धं काही नव्हतं. दोघं फळ्यापाशी गेली. तिथे चालूच्या रकान्यात एक चिठ्ठी होती, जी कुणीही लावली नव्हती. अक्षर कुणाचंच नव्हतं, पण चांगलं होतं.

'मोनाली ढगे. त्रिशाला वाढवणे. चालू, दिवस ३०७.'

मोनालीने बोटांवर मोजलं. दहा महिने आणि वर तीन दिवस. हिशोब बरोबर होता. पोटातले नऊ महिने धरले नव्हते, याचं तिला जरा वाईट वाटलं.

"फळ्याचं चुकलेलं नाही, मोनालीताई," बेळे सर म्हणाले. "हे तुमच्या हातातलं काम आहे, आणि ते अपुरं आहे."

"हातात कुठाय सर? ती खाली पाळणाघरात आहे."

"आत्ता तुमच्या डोक्यात काय चाललंय?"

मोनालीच्या डोक्यात त्रिशाची छाती होती. सकाळपासून घरघरत होती. पाळणाघरातल्या बाईंना कोमट पाणी द्यायला सांगितलं होतं की नव्हतं, हे तिला आठवत नव्हतं.

"कफ झालाय तिला थोडा," ती म्हणाली.

"मग झालं तर," सर म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

दुपारपर्यंत अशा आणखी सात चिठ्ठ्या निघाल्या, सगळ्या बायकांच्या. कंपनीत एकतीस बापही होते, पण त्यांच्यातल्या एकाच्याही नावाची अशी चिठ्ठी नव्हती. याची रीतसर चौकशी झाली. फळा फक्त हातात असलेलं काम मोजतो, एवढंच निघालं. एकतीस जण आपापल्या जागी जाऊन बसले.

त्या सात बायका कंपनीच्या कायम नोकरीत होत्या, त्यांना चार दिवस सांभाळून घेतलं असतं. मोनाली ठेकेदाराकडून आलेली. ठेकेदाराचा नियम होता की सलग तीन दिवस काम दिसलं नाही तर कामाचं कार्ड परत घ्यायचं. कार्ड गेलं की पाळणाघरही गेलं, कारण ते कार्डवाल्यांसाठीच होतं. नवरा पहाटेपासून टेम्पोवर, सासू जालन्याला. म्हणजे त्रिशामुळे किटली उचलेना, आणि किटली उचलली नाही तर त्रिशाला ठेवायला जागा उरणार नव्हती. सोमवार तर गेलाच होता.

मंगळवारी खंडागळे काकांची पाळी आली. सकाळी त्यांनी मुलीच्या स्थळासाठी इंदापूरला फोन केला, आणि त्यानंतर त्यांना हजेरीचं रजिस्टर उघडेना. फळ्यावर त्यांची चिठ्ठी आली होती: 'मुलीचं लग्न जमवणे आणि लावणे.' काका कामात चोख माणूस. त्यांनी चिठ्ठी काढली आणि सरळ झालंच्या रकान्यात डकवली. रजिस्टर उघडलं.

वीस मिनिटांनी मुलीचा फोन आला. ती म्हणाली, "पप्पा, रागावू नका. आत्ताच सह्या करून बाहेर पडलो आम्ही."

काका पॅन्ट्रीत येऊन स्टुलावर बसले.

"मुलगा कसा आहे, काका?"

"बरा आहे गं. तलाठी आहे. माणसं पण फोनवर बरी वाटली." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पंगत राहिली."

असं सिद्ध झालं की झालंच्या रकान्यात जे जातं ते खरोखरच होऊन जातं. निनादने लगेच आपली अकरा कामं तिकडे नेऊन बघितली. त्यातली अकराही झाली, पण ती काय होती आणि कशासाठी होती हे त्याला आता आठवेना, आणि दवाखान्यालाही आठवेना. बेळे सरांनी त्याला समज दिली.

दुपारी वैजयंती मॅडमनी मोनालीला बोलावलं. बेळे सर होतेच.

"मोनाली, तुझी चिठ्ठी सरकवली तर तुझा प्रश्न आजच मिटतो. मुलगी साधारण कितीची होईल, बेळे?"

"वाढवणं कधी संपतं यावर आहे ते, मॅडम. कायद्याने धरलं तर अठरा. माझी आई म्हणते, माझं अजून चालू आहे."

"शिक्षण झालेलं असेल?"

"बारावीपर्यंत असायला हरकत नाही. नोकरीसाठी वेगळी चिठ्ठी करावी लागेल."

"सर, तिला अजून दोनच दात आलेत," मोनाली म्हणाली.

"तेही होऊन जातील ना," सर समजुतीने म्हणाले. "सगळे एकदम."

मॅडमनी उद्या संध्याकाळपर्यंत मुदत दिली. त्यांच्या हातात त्याहून जास्त नव्हतं. त्यांच्याही हातात एकच काम होतं.

मोनाली खाली गेली. पाळणाघराच्या दाराला कमरेएवढी जाळी होती. त्रिशा ती धरून उभी राहिली होती. आईला बघून तिने दोन्ही हात वर केले, जाळी सुटली आणि ती धपकन बसली. रडावं की हसावं हे तिचं ठरेना, म्हणून ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

खोटं कशाला सांगा, मोनालीच्या मनात आलं. एक चिठ्ठी हलवली की ताप नाही, डोस नाही, जिन्याची भीती नाही. घशात शेंगदाणा जाईल म्हणून जमीन चाचपत हिंडायला नको. रात्री श्वास चालू आहे ना म्हणून नाकाखाली बोट धरायला नको. एवढी सगळी काळजी एका हाताने मिटली असती. मग संध्याकाळी पाळणाघरातून अठरा वर्षांची मुलगी बाहेर आली असती, खांद्याला पर्स लावून. ती म्हणाली असती, चल आई. आणि तिने विचारलं असतं की मी पहिल्यांदा कधी चालले, तर काय सांगायचं होतं? की तेव्हा मी चहा करत होते?

तिने त्रिशाचं नाक पुसलं आणि वर आली.

बुधवारी सकाळी बेळे सर स्वतःहून पॅन्ट्रीत आले. ते रात्रभर पुस्तक बघून आले होते, असं त्यांच्या डोळ्यांवरून वाटत होतं.

"मोनालीताई, चूक तुमची नाही. काम फार मोठं आहे. पुस्तकात स्पष्ट दिलंय, दोन दिवसांत न संपणाऱ्या कामाचे तुकडे करावेत. मी करून आणलेत." त्यांनी चिठ्ठ्या मांडल्या. "पहिला तुकडा डोकं. दुसरा हात. तिसरा पाय. चौथा बोलणं. आधी डोकं पूर्ण करून टाकू."

मोनालीने चिठ्ठ्या बघितल्या, मग सरांकडे बघितलं.

"सर, तुम्हाला लेकरं आहेत का?"

"नाही."

"वाटलंच. नुसतं डोकं वाढवून बाकीचं पोर कुठं ठेवू मी? फडताळात?"

"इथे सॉफ्टवेअर असंच करतात," सर म्हणाले. "आधी सगळा पाया, मग सगळ्या भिंती."

"म्हणून तर दीड वर्ष झालं," खंडागळे काका दारातून म्हणाले.

मोनालीने मार्कर घेतला. सातवीनंतर तिने एवढं मोठं काही लिहिलं नव्हतं, अक्षर जरा उतरतं आलं. तिने लिहिलं: 'सकाळचं दूध.'

"एवढंच?" सर म्हणाले.

"एवढंच. यात डोकं पण आलं, हात पण आले, पोट पण आलं. एवढंसंच असलं तरी अख्ख्या पोरीचं काम आहे ते."

"आणि ते झालं, हे कुणी ठरवायचं? तुम्ही?"

"मी कोण ठरवणार? वाटी रिकामी झाली म्हणजे झालं नव्हे. अर्धं झबल्यावर जातं. तिने ढेकर दिला की झालं."

बेळे सरांनी खिशातली वही काढली आणि ढेकर हा शब्द लिहून घेतला.

जुनी चिठ्ठी फाडायची का, असा प्रश्न निघाला. फाडली तर काय होईल हे कुणालाच सांगता येईना, म्हणून मोनालीने ती कुणाला हात लावू दिली नाही. तिने फक्त आपली छोटी चिठ्ठी चालूच्या रकान्यात, मोठीच्या शेजारी लावली. फळ्याने थोडा वेळ घेतला. मग मोठी चिठ्ठी आपणहून डावीकडे सरकली, करायचंच्या रकान्यात, अगदी खालच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

मोनाली खाली गेली. त्रिशाला मांडीवर घेतलं, दूध पाजलं, खांद्यावर टाकलं, पाठ थोपटली. ढेकर लवकर येईना. जाळीपलीकडे बेळे सर, मॅडम, काका आणि त्या सात बायका उभ्या होत्या. ठेकेदाराचा माणूसही कार्ड न्यायला आला होता.

नऊ वाजून एकेचाळीस मिनिटांनी त्रिशाने ढेकर दिला. अंगाच्या मानाने मोठा होता.

मोनालीने तिला बाईंकडे दिलं आणि जिना चढून वर आली. दूध झालंच्या रकान्यात गेलेलं होतं. तिने काकांनी भरून ठेवलेली किटली धरली. किटली उचलली गेली, नेहमीसारखी, कान जरा गरम. पावणेदहाला चहा टेबलांवर लागला. ठेकेदाराच्या माणसानेही अर्धा कप घेतला आणि तो रिकाम्या हाताने गेला.

त्या दिवसापासून तसंच चाललं आहे. अकरा वाजता खिचडी, ढेकर, मग लिंबूपाणी वरच्या लोकांना. दुपारी झोप. झोपेला ढेकर नसतो, तिथे मूठ सैल सुटली की झालं, असं ठरलं. सात बायकांनीही आपापल्या चिठ्ठ्या केल्या. निनादने लिहिलं, 'एका पेशंटला एक नंबर दिसणे,' आणि ते तेवढंच बनवून दवाखान्यात पाठवलं. काउंटरवरच्या बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "हां, आता बरं पडतंय." तो ढेकर धरण्यात आला. दीड वर्षातलं ते पहिलं काम.

शुक्रवारी चारच्या सुमाराला मोनाली शेवटचा कप उचलून फळ्यापाशी आली, तर झालंच्या रकान्यात एक चिठ्ठी होती, तिने न लिहिलेली. अक्षर तेच, कुणाचंच नसलेलं.

'त्रिशाचं रांगणं.'

तेवढ्यात खालून बाईंची हाक आली. "मोनाली, ये लवकर! पोरगी सुटली बघ!"

मोनालीने ट्रे तिथेच ठेवला आणि धावली. त्रिशा जाळी सोडून तीन पावलं आली, चौथ्याला आईच्या पायावर आदळली. मोनालीने तिला उचललं. तिचे गुडघे अजून काळे होते, फरशीवर घासून घासून. मोनालीने ते पदराने पुसायला घेतले, मग थोडे तसेच राहू दिले.

मोठी चिठ्ठी अजून त्याच जागी आहे, पहिल्या रकान्यात, खालच्या डाव्या कोपऱ्यात. तिचा गोंद आता जुना झाला आहे आणि पंख्याच्या वाऱ्याने ती फडफडते. कधी जमिनीवर पडलेली दिसली तर कृपा करून उचलावी आणि पहिल्याच रकान्यात लावावी, तिसऱ्यात नाही. कामावर नवीन कोणी आलं तर त्यांनाही सांगून ठेवावं.