दुखलं तर हात वर करा

"दुखलं तर बोलायचा प्रयत्न करू नका, नुसता हात वर करा," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी मास्तरांच्या तोंडात एक नळी, एक आरसा आणि स्वतःची दोन बोटं एवढा ऐवज ठेवला. बोलू नका, असं मास्तरांना घरी बायकोही रोज सांगायची. पण बायकोकडे नळी नव्हती.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. शेजारच्या सीटवर बसून गाडी शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांचे विद्यार्थी फार लवकर तयार होत, कारण गाडी चालवता आली की मास्तरांना गाडीत घ्यावं लागत नसे. बोलण्याच्या खात्यावर मास्तरांची उलाढाल दांडगी. ऐकण्याच्या खात्यावर मात्र शिल्लक कुणी पाहिली नव्हती. स्वतःची जुनी स्कूटर विकायला काढली तेव्हा गिऱ्हाईक आल्या आल्या तयार झालं होतं. मास्तर त्यानंतरही बोलत राहिले. स्कूटर अजून जिन्याखाली आहे.

तर मास्तरांचा जबडा असा वासलेला, आणि त्याच खोलीत पेशंटांच्या बाकावर एका छोट्या संस्थेच्या विश्वस्तांची सभा भरलेली. संस्था मुलींच्या बँडची. ती काढणाऱ्या बाई आता हयात नव्हत्या, पण त्यांचं एक वाक्य हॉलच्या भिंतीवर रंगवलेलं होतं : 'हळू बोल म्हणणारे घरोघरी आहेत, तसं कुणी म्हणणार नाही अशी एक जागा मुलींना असावी.' हॉलमध्ये ट्रम्पेटपुढे सभेचं कुणाला काही ऐकू येत नसे आणि डॉक्टरीणबाई अध्यक्ष असल्यामुळे त्यांना पेशंट सोडून जाता येत नसे, म्हणून सभा नेहमी दवाखान्यात. मास्तरही विश्वस्त होते. त्यांच्या बायकोने एकदा संस्थेला मोठा ड्रम दिला, तेव्हा घरातली ही दुसरी मोठा आवाज करणारी वस्तूही त्याच झपाट्यात देऊन टाकली होती. सभेला मास्तर कधी फिरकले नव्हते. आज दाढ घेऊन आले आणि हजेरी लागली.

"माझी मुदत संपली. आता नवा अध्यक्ष निवडा," डॉक्टरीणबाई मशीन सुरू करत म्हणाल्या.

बाकावरचे बेकरीवाले छताकडे बघू लागले. भूगोलाच्या निवृत्त बाईंना पर्समध्ये काहीतरी अतिशय महत्त्वाचं शोधायचं होतं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, नव्या अध्यक्षाने पहिलं काम करायचं ते हॉलच्या मालकाला भेटण्याचं. मालक हॉलच्या वरच राहायचे आणि बँड सुरू झाला की जमिनीवर काठी आपटायचे. आता त्यांनी निरोप धाडला होता : उद्या हॉल रिकामा करा, गाद्यांचा व्यापारी माल ठेवायला येतोय. आजवरचे सगळे अध्यक्ष मालकांशी वाद घालून, घसा बसवून, जिना उतरून आले होते.

"मास्तरांचं नाव सुचवते," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "गोड बोलतात."

"भरपूर बोलतात," बेकरीवाल्यांनी दुरुस्ती केली. "अनुकूल असतील त्यांनी हात वर करा!"

भूल अजून नीट चढली नव्हती. मशीनचं टोक नेमकं नसेला लागलं. मास्तरांचा हात वर गेला. पाठोपाठ दुसराही गेला.

"दोन्ही हात! बघा, याला म्हणतात सेवाभाव!" बेकरीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अगं बाई, दुखलं वाटतं," म्हणत डॉक्टरीणबाईंनी आणखी एक इंजेक्शन टोचलं. सढळ हाताने.

तोंड रिकामं झाल्यावर मास्तर उठून बसले. अध्यक्षपद, माझा हात, माझी दाढ आणि तुमचा निर्लज्जपणा या चार विषयांवर त्यांची चार भाषणं तयार होती. पण उचलली जीभ लावली टाळ्याला हे ज्यांचं जन्मभराचं धोरण, त्यांची जीभ उचलेचना. "ऊऊ... हूं... ब्ब," एवढंच बाहेर आलं, आणि पाठोपाठ थोडी लाळ.

"भारावलेत," भूगोलाच्या बाई हळूच म्हणाल्या.

मास्तरांनी जोरजोराने मान हलवली.

"नाही म्हणताहेत. मोठी माणसं आधी नाहीच म्हणतात," बेकरीवाले त्यांच्या काखेत हात घालत म्हणाले. "चला अध्यक्षसाहेब, मालकांनी आत्ता बोलावलंय."

हॉलच्या दारात मुली वाद्यं घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे त्यांची कप्तान, मोठ्या ड्रममागे जवळजवळ झाकलेली. बेकरीवाल्यांनी अध्यक्षांना तिच्या स्वाधीन केलं आणि पाव भट्टीत राहिल्याचं त्यांना अचानक आठवलं.

"काका, तुम्ही नवे अध्यक्ष?" कप्तानने विचारलं. मास्तरांचा ओठ एका बाजूला लोंबत होता, डोळ्यांत दाढेचं पाणी होतं. ती जरा वेळ बघत राहिली. "रागीट दिसता. बरंय. आमच्या घरी मला ताटली पण वाजवू देत नाहीत. हॉल गेला तर हा ड्रम ठेवायचा कुठे?"

बाळ, मी अध्यक्ष नाही, हा सगळा दाढेचा घोटाळा आहे, असं मास्तरांना सांगायचं होतं. "हं," ते म्हणाले. ड्रम बायकोने दिलेलाच होता. हॉल गेला तर तो कुठे येणार, हेही त्यांना स्पष्ट दिसत होतं.

कप्तानने त्यांना जिना चढवून वर नेलं आणि ती दारातच थांबली. मालक आरामखुर्चीत काठी घेऊन वाटच बघत होते. "या! आला का भांडायला? बोला!"

मास्तर बसले. रुमाल तोंडाला लावला. बोलले नाहीत.

"बोला म्हटलं ना!"

मास्तरांनी फक्त पाहिलं. मालक गोंधळले. भांडणाला दुसरी बाजू लागते; ती मिळेना, तेव्हा त्यांनी एकट्यानेच सुरुवात केली. भाडेकरू, गुडघा, अमेरिकेतला मुलगा, त्याची बायको, पुन्हा गुडघा, अशी गाडी भरधाव सुटली. मास्तर ऐकत होते. दुसरा इलाजच नव्हता. मध्येच मालक म्हणाले, "गाडी होती ना माझी, मी उताराला सरळ न्यूट्रलमध्ये टाकायचो. इंजिनही बंद करायचो! पेट्रोल वाचतं."

मास्तर खुर्चीतून निम्मे उठले. न्यूट्रल! उताराला! इंजिन बंद! मग ब्रेक धरणार कसा! कुणी विद्यार्थी 'न्यूट्रल' असं नुसतं पुटपुटला तरी ते रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून व्याख्यान द्यायचे. त्यांनी तोंड उघडलं. "ब्ब्ब," असा आवाज झाला. ते पुन्हा खाली बसले, आणि त्यांच्या डोळ्यांतून एक टपोरा थेंब गालावर ओघळला.

मालक थांबले. "अहो... तुम्हाला माझ्या गाडीचं एवढं वाईट वाटलं? विकली तेव्हा घरात कुणाला काही वाटलं नव्हतं हो!" त्यांचा आवाज एकदम उतरला. "आणि त्या बँडचं सांगू? आवाजाचा मला काही त्रास नाही. पण या पोरी रोज ते गाणं सुरू करतात आणि अर्ध्यात थांबतात! पुढे काय होतं, काय होतं, करत मी रात्रभर तळमळतो. त्यापेक्षा गाद्या बऱ्या. गाद्या काही सुरूच करत नाहीत."

"पण आजोबा, तुम्ही काठी आपटता म्हणून आम्ही थांबतो!" दारातून कप्तान ओरडली.

"ताल धरतो मी, ताल!"

एवढी साधी गोष्ट इतक्या अध्यक्षांना कळली नव्हती, कारण मालक 'बँडचं सांगू?' इथवर आले की दुसरा माणूस तावातावाने बोलू लागायचा. कप्तान जिना धडधडत उतरली. थोड्याच वेळात खालून गाणं सुरू झालं. मालकांनी काठी आपटली. गाणं थांबलं नाही. शेवटचा तुकडा बेसूर होता, कारण मुलींनी तो कधी वाजवलाच नव्हता. मालकांनी मात्र तो डोळे मिटून ऐकला.

"गाद्यावाल्याला कळवतो नको म्हणून," ते म्हणाले. "पण एक अट. दर महिन्याला तुम्ही स्वतः यायचं. असंच बसायचं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला पुरतं बोलू दिलं."

घरी पोचेपर्यंत भूल उतरली आणि साठलेलं सगळं धबाधबा बाहेर आलं. उद्याच राजीनामा देतो, म्हणाले. बायकोने ते बूड ना शेंडा असलेलं सगळं ऐकून घेतलं, मग एकच विचारलं. "म्हणजे तुम्ही तासभर गप्प होता?" आणि आत जाऊन डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "ताई, ते इंजेक्शन घरी टोचता येतं का हो?"

राजीनामा द्यायला मास्तर दुसऱ्या दिवशी खरोखरच निघाले होते, पण वाटेत हॉल लागला. गाणं चालू होतं. वरून काठी आपटत होती. कप्तान त्यांना बघून ओरडली, "काका, शेवट बसला!" आणि इतक्या जोरात ड्रम बडवू लागली की मास्तरांना राजीनाम्याचं पहिलं वाक्यच आठवेना.

महिना संपला तशी मास्तरांनी दवाखान्याची खुर्ची गाठली.

"आता कुठली दुखतेय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "सगळे दात तर ठणठणीत आहेत."

"कुठेही टोचा हो. मालकांकडे जायचंय. ते न्यूट्रलचं माझ्या जिभेवर नुसतं नाचतंय. तोंडातून निघालं की हॉल गेलाच म्हणून समजा."

डॉक्टरीणबाईंनी सुई भरली. "ठीक. मागच्यासारखंच. दुखलं तर..."

मास्तरांची नजर बाकाकडे गेली. बेकरीवाले होते. भूगोलाच्या बाई होत्या. दोघंही त्यांच्याकडे बघून फार गोड हसत होती.

"खजिनदाराची जागा रिकामी झालीय," बेकरीवाले म्हणाले. "तुमचं चालू द्या."

मास्तरांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले, त्यावर पक्के बसले आणि तोंड उघडलं. फार दुखलं.