बिनकल्हईची सळी

करीमभाई कोणाच्याही घरी गेले की आधी भांड्यात डोकवायचे, मग माणसाकडे बघायचे. जेवायला बोलावलं तर पातेल्यावर नख वाजवून यजमानासमोरच निकाल द्यायचे, "भाऊ, यात भाजी कळकीन, नासून जाईन." चंद्रपुरात त्यांचं कल्हईचं दुकान. स्टीलची भांडी आल्यापासून धंदा बसला होता, तोंड मात्र चालूच होतं. गल्लीतल्या एका नवराबायकोची फारकत झाली तेव्हाही ते म्हणाले, "अंदरून कल्हई उडाली होती."

मी तेव्हा हाडांच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचो. करीमभाईंची बायको जुबेदाबी अंगणात घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत सळी घातली, पण महिन्याभरात जखमेतून पू यायला लागला आणि सळी काढावी लागली. करीमभाईंनी ती मागून घेतली, उजेडात फिरवून पाहिली आणि डॉक्टरांनाच झापलं, "डागदरसाब, बिनकल्हईच्या भांड्यात कढी ठेवली त कळकते. तुमी त उघडी सळी रगतात ठेवली! काऊन?"

चार दिवसांनी तीच सळी कथील चढवून, चकचकीत करून ते घेऊन आले. "घ्या. आता बसवा."

आम्ही पोट धरून हसलो. डॉक्टर मात्र हसता हसता थांबले.

"करीमभाई, कथील अंगात चालत नाही. पण तुमचं डोकं बरोबर चाललंय. मोठ्या ठिकाणी असे लेप करून पाहतायत. जंतू चिकटू नयेत म्हणून चांदी, आणि हाड सळीला धरून वाढावं म्हणून हाडातलाच क्षार. आपल्याकडे अजून पोचलं नाही ते."

दुसऱ्या दिवशी करीमभाई जुबेदाबीचे चांदीचे तोडे घेऊन हजर! "चांदी मी देतो. हाडाचं तुमी पाहा." त्यांची समजूत घालताना डॉक्टरांच्या नाकी नऊ आले.

जखम पुरती भरल्यावर शेवटी साधीच सळी बसली. ही पण कळकली तर पाय जाईल, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. मग दर वेळी फोटो काढला की करीमभाई माझ्या खोलीत यायचे. साऱ्या दवाखान्याला कल्हई शिकवणारा माणूस फिल्मसमोर मुकाट उभा राहायचा. तिसऱ्या फोटोत मोडलेल्या जागी पांढुरकं काही दिसलं. मी म्हणालो, "हे नवं हाड. धरलं बरं का, करीमभाई."

ते स्टुलावर बसले.

"तीस साल भाता तिनंच चालवला, भाऊ. लोकं म्हणत, करीमची कल्हई. तिचं नाव कोणी नाई घेतलं. मी बी नाई घेतलं." त्यांनी बाहीनं डोळे पुसले. माझेही डोळे भरून आले.

बाहेर जुबेदाबी काठी टेकून उभी होती. करीमभाईंनी तिचा मोकळा हात धरला आणि तिला भर बाजारातून चालवत निघाले.

"सोडा ना, लोकं पाहून राह्यले," ती लाजून म्हणाली.

"पाहू दे," ते म्हणाले.