कोऱ्या बशीतली बाग

स्वच्छतेच्या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या ओट्यावर बसताना माशीसुद्धा दोनदा विचार करते. त्यामुळे मुलांची लग्नं उरकल्यावर मी कॉलेजात जीवशास्त्राच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि जंतूंच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा विषय निघाला, तेव्हा मी खुशाल मागे रेलून बसले. घाबरायचं त्यांनी घाबरावं. हा तर घरचाच पेपर!

परीक्षा ऐकायला सोपी होती. काचेच्या बशीत जंतूंना पोसणाऱ्या जेलीचा थर असतो. बर्नरच्या ज्योतीत तार लाल करायची, निववायची, तिने जंतू उचलून जेलीवर पेरायचे. दुसऱ्या बशीत तेच सगळं करायचं, फक्त जंतू न घेता. दोन्ही बशा उबदार कपाटात ठेवायच्या. दुसरी बशी कोरीच राहिली पाहिजे. तिच्यात जंतूंचा एक जरी ठिपका उगवला की जोडीतले दोघेही नापास आणि दुसऱ्या वर्षाचं दार बंद.

माझ्या जोडीला मुंगी होती. खरं नाव वेगळं, पण पोरगी एकदा कामाला लागली की थांबत नाही, म्हणून मुंगी. दुसऱ्या वर्षी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम शिकायला मिळतं, तिचा सगळा जीव तिथे अडकलेला. माझा जीव सूक्ष्मदर्शकात. एका थेंबात एवढी वर्दळ, एवढे जीव, प्रत्येकाला पोट, प्रत्येकाची लगबग! त्या भिंगाला डोळा लावला की मला वाटायचं, देवाने हा कोपरा रंगवताना नक्की एकटंच बसून, कुणाला न सांगता रंगवला असणार.

एकच अडचण होती. कोरडं सांगितलेलं माझ्या डोक्यात राहत नाही. गाऊन केलेलं निरूपण ऐकत मी वाढले. गात सांगितलं की जन्मभर लक्षात, नुसतं सांगितलं की दारातच विसरले. म्हणून मी प्रयोगाच्या पायऱ्यांना चाल लावली.

“आधी ज्योत, मग तार, तार होऊ दे लालेलाल, निवू दे गं, निवू दे, मग झाकण अलवार...”

सरावाच्या दिवशी मी ज्योतीसमोर बसले. निळी, शांत ज्योत. खिडकीतून ऊन तिरकं येत होतं. मी हळूच सुरू केलं, आणि ‘निवू दे’वर असा काही सूर लागला की डोळे आपोआप मिटले. हातात झाकण तसंच उचललेलं. लॅब कुठे, मी कुठे!

“काकू,” मुंगी म्हणाली, “परत आलात का?”

“आले गं. किती प्रसन्न वाटलं.”

दुसऱ्या दिवशी आमच्या कोऱ्या बशीत पिवळे, पांढरे, मोतिया ठिपके उमललेले.

“बघ तरी,” मी म्हटलं, “पहाटेचं आभाळ आहे नुसतं!”

“आभाळ नाही काकू, आपण नापास आहोत.”

मी चपापले. हात जास्त घासले, टेबल जास्त पुसलं आणि मन स्थिर राहावं म्हणून जास्त मनापासून गायले. बाग आणखी बहरली. शेजारच्या टेबलावरचा जाड भिंगाचा चष्मेवाला पायऱ्या विसरत होता, त्याला मी चाल शिकवली. मायेने. त्याने मागच्या बाकावर शिकवली. आठवडा संपायच्या आत अख्खी लॅब वाकून, बशी उघडून, एका सुरात ‘निवू दे गं’ म्हणत होती. आणि एकूण एक कोऱ्या बशा फुललेल्या!

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी लॅबला कुलूप लावलं. पंखे उतरवले. कपाट दुरुस्त करणारा आला, त्याने कपाटाचे सुटे भाग जमिनीवर मांडले आणि “यात काही नाही” म्हणून तो ते बसवत बसला. शेवटी मॅडमनी एक ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली घेतला.

“हे तोंडातले जंतू आहेत,” त्या सावकाश म्हणाल्या. “उघड्या बशीवर कोण बोलतं?”



“बोलत नाही कुणी, मॅडम,” चष्मेवाला म्हणाला. “आम्ही गातो.”

“गाता?”

मग सगळ्यांनी मिळून म्हणून दाखवलं. दोन्ही कडवी. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“उद्या परीक्षा,” त्या म्हणाल्या. “तोंडाला मास्क. आणि ज्याचा आवाज येईल, तो बाहेर.”

घरी आमचे हे म्हणाले, “त्यात काय, मनात म्हण.” त्यांना काय सांगू! मनातलं माझ्या ओठांवर कधी येतं, ते मलाच कळत नाही.

परीक्षेत मास्क बांधून बसले आणि सगळं पुसलं गेलं. ज्योत समोर, तार हातात, पुढचं काही आठवेना. मुंगीने माझ्याकडे पाहिलं. या पोरीचं अख्खं भविष्य माझ्या गळ्यात अडकलेलं. तेवढ्यात माझ्या पायावर टेबलाखाली हलकेच काहीतरी टेकलं. मुंगीचा बूट. ठेका धरून.

आधी ज्योत, मग तार. हात चालू लागला. मास्कच्या आत ओठ घट्ट, पायावर ताल. ऊन तसंच तिरकं. मी तरंगत होते, पण या वेळी झाकण बंद करून.

शेजारच्या मेजावर मॅडम चष्मेवाल्याला एकदा करून दाखवत होत्या. “मी फक्त दाखवतेय,” म्हणून त्यांचा मास्क हनुवटीवर होता. त्यांचीही बशी कपाटात गेली, कोरी बशी कशी असते ते आम्हाला दाखवायला.

निकालाच्या दिवशी कपाट उघडलं. आमची कोरी. चष्मेवाल्याची कोरी. ओळीने सगळ्या कोऱ्या. मुंगीने माझा हात इतका दाबला की बोटं निळी पडली.

फक्त एक बशी बहरली होती. मॅडमची.

त्यांनी ती उचलून उजेडात धरली. मग बाकी कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने माझ्याजवळ म्हणाल्या, “काय मेली चाल आहे. काही केल्या डोक्यातून जात नाही. बसवली कुणी?”

मी गळ्यातला मास्क नाकापर्यंत वर ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदाच, अगदी योग्य वेळी, तोंड बंद ठेवलं.